पाँच आणि दहा

2006 च्या पावसाळ्यात, वडोदऱ्यात एका मित्राच्या खोलीवर, मी ‘पाँच’ पहिल्यांदा पाहिला. सीडीवर स्केच पेनने फक्त ‘5’ असा आकडा काढलेला होता. आम्ही सात-आठ जण एका संगणकाभोवती दाटीवाटीने बसलो होतो. मी तेव्हा संस्कृतात एम.ए. करत होते, बाकीचे चित्रकलेचे, नाट्यशास्त्राचे, एक जण चक्क वाणिज्य शाखेचा. चित्र मधेच अडायचे, आवाज पुढे निघून जायचा. त्याचे कुणालाच काही वाटत नव्हते. सेन्सॉरने अडवलेला सिनेमा आपण पाहतो आहोत, हाच मुळी त्या रात्रीचा अर्धा आनंद होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘पाँच’ हा अनुराग कश्यपने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्याआधी 1998 च्या ‘सत्या’चा सहलेखक म्हणून त्याचे नाव झाले होते. पैसा थोडा, नाव चालेल असा एकही तारा नाही, बराचसा खेळ कोंदट खोल्यांतून. के के मेनन, आदित्य श्रीवास्तव, विजय मौर्य, जॉय फर्नांडिस आणि तेजस्विनी कोल्हापुरे हे त्यातले पाच. संगीत विशाल भारद्वाजचे. मुंबईतला एक रॉक बँड, खिशात दमडी नाही, डोक्यात मात्र मोठे होण्याचे वेड. एका श्रीमंत मित्रालाच सामील करून घेऊन त्याच्या अपहरणाचे नाटक करायचे आणि त्याच्या बापाकडून पैसे उकळायचे, असा बेत ठरतो. नाटकाचा खून होतो. पहिल्या खुनानंतर पुढचे खून सोपे होत जातात. के केचा लूक त्या घरात गातो, ओरडतो, मारतो, मधूनच मायाही करतो. बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. पाहणाऱ्याला हळूहळू कळते, की या सिनेमात भीती रक्ताची नाही. या पाहत बसण्याची आहे.

हा चित्रपट अडला कसा, हे तेव्हा आम्हाला तोंडपाठ होते. चलच्चित्र अधिनियम 1952 चा. त्याच्या कलम 5-ब खाली केंद्र सरकारने 6 डिसेंबर 1991 रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे परीक्षण मंडळ वापरते. चित्रपटाने स्वच्छ आणि निकोप करमणूक द्यावी, हिंसेसारख्या समाजविघातक गोष्टींचा गौरव होऊ नये, गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवली जाऊ नये, असे त्यात आहे. ‘पाँच’वर आक्षेप आले ते याच चौकटीतून: हिंसा फार, शिव्या फार, गुन्हा कसा करावा याचा जणू धडाच. यात एकही सकारात्मक पात्र नाही असेही आपल्याला ऐकवले गेले, असे दिग्दर्शकाने पुढे अनेकदा सांगितले. काटछाट होऊन शेवटी प्रमाणपत्र मिळाले, तर निर्मात्याच्या अडचणी उभ्या राहिल्या. परदेशातल्या महोत्सवांत तो दाखवला गेला. इथे मात्र पुढची वीसेक वर्षे तो रीतसर चित्रगृहात लागला नाही. तो पसरला तो आमच्यासारख्यांच्या खोल्यांतून, एका सीडीवरून दुसऱ्या सीडीवर आणि पुढे इंटरनेटवरून.

त्याचे स्वागतही असे खोल्यांतूनच झाले. एका बाजूला मंडळाची काळजी: प्रेक्षक हे पाहून बिघडेल. दुसऱ्या बाजूला आमचा संताप: कलावंताचा गळा आवळला जातो आहे. आम्ही अर्थातच दुसऱ्या बाजूचे. आणि या भांडणात एक वाक्य जाता जाता, हटकून यायचे: ‘पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आधारलेला.’ हे वाक्य उच्चारले की सिनेमाचे वजन वाढायचे. मीही ते वापरले. आमच्या फिल्म मंडळासाठी एक पानी टिपण लिहायचे होते, त्याची सुरुवातच मी त्या वाक्याने केली. टिपण चांगले झाले आहे, असे सगळे म्हणाले.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने मी ग्रंथालयात व्याकरणाचा एक पारिभाषिक शब्द शोधत होते. हातात नेहमीचा कोश होता, संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा, इंग्रजीतून अर्थ सांगणारा, 1961 साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत काढलेला. वर्षभर तो मी रोज उघडत होते. त्याला आम्ही ‘अभ्यंकर’ असेच म्हणत असू. ‘अभ्यंकरात बघ’, ‘अभ्यंकर कुणी नेला?’ त्या दिवशी का कोण जाणे, मी मुखपृष्ठावरचे पूर्ण नाव वाचले. काशीनाथ वासुदेव अभ्यंकर. आणि माझ्याच टिपणातले पहिले वाक्य मला आठवले.

मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “हो, तेच. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हते. खटल्याचे नाव माहीत होते. त्या नावात एक माणूस आहे, आणि तो रोज माझ्या टेबलावर असतो, हे माहीत नव्हते.

काशीनाथशास्त्री अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे व्याकरणमहाभाष्य मराठीत आणले, आणि त्या भाषांतराचा प्रस्तावनाखंड मुलाने लिहिला. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेली महाभाष्याची प्रत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तिसऱ्यांदा काढली, ती शास्त्रीबुवांनी तपासून दिली. वि. प्र. लिमये यांच्यासह त्यांनी भर्तृहरीचे वाक्यपदीय संपादित केले. पुणे विद्यापीठाने ते 1965 साली छापले. पाणिनीच्या सूत्रांचा अर्थ कोणत्या नियमांनी लावायचा, ते सांगणाऱ्या परिभाषाग्रंथांचा त्यांनी केलेला संग्रह 1967 चा. म्हणजे सत्तरी ओलांडल्यावरही हा माणूस मुद्रिते तपासत होता. 1 डिसेंबर 1976 च्या रात्री, भांडारकरांचे नाव असलेल्या रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यात, त्यांचा खून झाला तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्याच रात्री त्यांची पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणाऱ्या बाई मारल्या गेल्या.

प्रकरण असे होते. पुण्यातल्या अभिनव कला महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र, कॉलेजच्या मागच्या हॉटेलमालकाचा मुलगा. त्याला घेऊन गेले, बापाकडे पैसे मागितले, आणि तोवर त्याला मारून प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवले होते. ऑक्टोबरअखेर विजयनगर कॉलनीतले जोशी कुटुंब, आईवडील आणि मुलगा. डिसेंबरात अभ्यंकरांचे घर. 23 मार्च 1977 ला आणखी एक तरुण. 30 मार्चला ते पकडले गेले. एक वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला. 28 सप्टेंबर 1978 ला पुण्याच्या सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा दिली, आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात ती अमलात आली.

दहातले नऊ खून आणीबाणीत झाले. शेवटचा, आणीबाणी उठल्यावर दोन दिवसांनी.

खटल्याचे नाव पुन्हा एकदा वाचून पाहावे. जोशी-अभ्यंकर. त्यात दोन घरे आहेत. पहिला वर्गमित्र त्यात नाही. शेवटचा तरुण नाही. आणि अभ्यंकरांच्या घरात मेलेल्या, पण आडनावाने अभ्यंकर नसलेल्या त्या कामाच्या बाई नाहीत. मारणाऱ्या चौघांची नावे मात्र पुण्यातला माझ्या आईच्या वयाचा कोणीही माणूस झोपेतून उठवले तरी ओळीने सांगेल. मी ती इथे लिहीत नाही. बाकीच्या मृतांची नावेही लिहीत नाही, कारण त्यांचे नातलग असतील, आणि माझ्या लेखासाठी ती वापरायचा मला काही अधिकार नाही.

हे सगळे कळल्यावर मला ‘पाँच’चा राग आला, हे कबूल केले पाहिजे. सिनेमाच्या नावातच मारणाऱ्यांची मोजणी आहे, असे मी मित्रांना म्हणू लागले. मग मागचेही दाखले सापडले. 1986 साली राजदत्त यांनी याच प्रकरणावरून मराठीत ‘माफीचा साक्षीदार’ केला, त्यात नाना पाटेकर. तिथेही शीर्षकात साक्षीदारच, म्हणजे त्यांच्याच गोटातून फुटलेला. श्रीराम राघवनने साठच्या दशकातल्या मुंबईतल्या खुन्यावर कमी पैशांत ‘रमण राघव’ केला, त्यात रघुवीर यादवचे काम थरकाप उडवणारे आहे. फुटपाथवर झोपेत मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला माहीत आहे का? माझा युक्तिवाद मला फार आवडला होता. दहा-बारा वर्षे मी तो जिथे तिथे मांडत राहिले.

तो मोडला आईने.

माझी आई सदाशिव पेठेत वाढली. 1976 मध्ये ती अठरा वर्षांची होती, आणि 1981 मध्ये लग्न होऊन बडोद्याला आली. माझ्या लहानपणी दिवेलागणीनंतर दाराची बेल वाजली की ती आधी “कोण?” म्हणायची, उत्तर आले की पुन्हा एकदा “कोण?” म्हणायची, आणि मग दार उघडायची. बाबा हसायचे. ती कधी कारण सांगायची नाही. मीही कधी विचारले नाही. 2019 च्या हिवाळ्यात मी तिला म्हटले, “आई, पुण्याच्या त्या खुनांवर एक सिनेमा आहे. बघशील?” ती नको म्हणेल असे वाटले होते. ती म्हणाली, “लाव.”

तिने तो पूर्ण पाहिला. मधे एकदा उठून दुधाखालचा गॅस बंद करून आली. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यात पुणं कुठे आहे?”

“मुंबईत नेलंय. नावं बदललीत.”

“आणि म्हातारे? ते घर?”

“नाहीत ते. एक मित्र आहे फक्त, ज्याला पळवून नेतात.”

“मग बरं केलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, ते घर दाखवतील. तेवढ्यासाठीच बसले होते मी, दाखवलं तर उठून जायचं म्हणून.”

मी तिला माझा युक्तिवाद ऐकवला. मेलेल्यांना गाळले, मारणाऱ्यांना मोठे केले, वगैरे. ती म्हणाली, “अगं, त्याने त्याची गोष्ट केली. त्या पोरांची केली. एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात, एवढंच तर दाखवलंय. ते खरंच आहे. जोशी-अभ्यंकर, जोशी-अभ्यंकर हे तूच म्हणतेस. त्यात कुठे आलंय ते?”

आणि मग, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, ती त्या हिवाळ्याविषयी बोलली. वर्तमानपत्रांवर तेव्हा सेन्सॉर होता, त्यामुळे छापलेल्यापेक्षा न छापलेल्यावर लोकांचा भरवसा जास्त. संध्याकाळी सातलाच रस्ते ओस पडायचे. दुसऱ्या खेळाला सिनेमाला कोणी जाईना. त्यांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा अंधार पडायच्या आत लागायचा. “सगळे शास्त्रीबुवांबद्दल हळहळत होते,” ती म्हणाली. “एवढा विद्वान माणूस, एवढ्या वयात. आमच्याकडे सखूमावशी भांडी घासायला यायच्या. त्या म्हणाल्या, वैनी, त्या घरात जी कामाला होती ना, तिचं काय? ती तर पगारावर होती. दुसऱ्या दिवसापासून त्या अंधार पडायच्या आत काम उरकून जायला लागल्या. आजी रोज त्यांना चौकापर्यंत सोडायला मला पाठवायची. आणि मग मी एकटी परत यायचे, पळत.”

तिच्या त्या एका प्रश्नानंतर मी ‘पाँच’ पुन्हा पाहिला, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. सिनेमाने प्रकरणातून घेतले ते फारच थोडे: वर्गमित्राचे अपहरण, एकाच्या इच्छेखाली दबलेले बाकीचे, आणि एकदा पचलेल्या खुनानंतर वाढत जाणारा धीर. बाकी शहर, घरे, वय, नावे, सगळे सोडून दिले. पीडितांच्या दारात कॅमेरा गेलाच नाही. मी ज्याला विसर समजत होते, तो संकोचही असू शकतो, हे मला सुचलेच नव्हते.

आणि मंडळाची कार्यपद्धतीविषयीची भीती? खऱ्या प्रकरणाकडे पाहिले तर ती फार वरवरची वाटते. त्या चौघांना दुसरा खून करायला शिकवले ते कोणत्या सिनेमाने नव्हे, पहिला खून पचला याने. जानेवारीत तळ्यात बुडवलेले प्रेत अटकेनंतरच बाहेर आले. मधले चौदा महिने एक मुलगा फक्त ‘बेपत्ता’ होता. त्यांना रोखले तेही कात्रीने नाही. नोव्हेंबर 1976 मध्ये शंकरशेट रस्त्यावरच्या एका घरात ते शिरले, तेव्हा घरातल्या माणसांनी झुंजून त्यांना पळवून लावले. पाठोपाठच्या आठवड्यात अभ्यंकरांचे घर आले. ‘पाँच’ जे दाखवतो ते दोरी कशी आवळावी हे नाही. चौघांपैकी एकानेही वेळेवर ‘नाही’ म्हटले नाही तर काय होते, ते दाखवतो. सकारात्मक पात्र त्यात नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्या जागेवर कोणी नसणे, हाच त्या सिनेमाचा विषय आहे.

कश्यपचा पुढचा सिनेमा ‘ब्लॅक फ्रायडे’ 1993 च्या मुंबईतल्या बाँबस्फोटांवरचा. त्यात नावे खरी होती. खटल्याचा निकाल लागायचा होता, म्हणून आरोपींवर अन्याय होऊ नये या कारणाने न्यायालयाने तो थांबवला. तो 9 फेब्रुवारी 2007 ला आला, तेव्हा आम्ही पहिल्याच आठवड्यात तिकिटे काढून पाहिला. तिथे आरोपींची बाजू घ्यायला कायदा होता, आणि ते योग्यच होते. ‘पाँच’च्या वेळी प्रेक्षकांची काळजी करायला मंडळ होते, कलावंताची बाजू घ्यायला आम्ही होतो. मेलेल्यांची बाजू घ्यायला कोणी नव्हते. त्यासाठी कायदा व्हावा असे मी म्हणत नाही. असा कायदा झाला तर त्याचाही उपयोग आणखी चार सिनेमे अडवायलाच होईल. ते काम पाहणाऱ्यांचे आहे, सिनेमावर लिहिणाऱ्यांचे आहे. ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द जाहिरातीसारखे वापरताना, ती घटना कुणाची होती एवढे तरी आपण विचारू शकतो. मी विचारले नव्हते. माझ्या त्या गाजलेल्या टिपणात कश्यपचे नाव अकरा वेळा होते. कोशकाराचे एकदाही नव्हते, आणि कोश माझ्या हाताशीच पडलेला होता.

पाणिनीच्या व्याकरणात ‘लोप’ अशी एक संज्ञा आहे. एखादा वर्ण किंवा प्रत्यय जिथे असायला हवा तिथे न दिसणे, म्हणजे लोप. पण गेलेल्या प्रत्ययाचे कार्य थांबत नाही, असेही पाणिनी लगेच सांगतो. प्रत्यय दिसत नसला तरी त्याच्यामुळे शब्दात होणारे बदल होतातच. हे मी एम.ए.च्या पहिल्या वर्षी पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते आणि बरे गुणही मिळवले होते.

आई आता सदुसष्टीच्या पुढे आहे. बडोद्याचे आमचे घर चौथ्या मजल्यावर, खाली पहारेकरी, दाराला कॅमेरा. तरी बेल वाजली की ती आतून दोनदा “कोण?” विचारते. सिनेमा पाहिल्यानंतरच्या आठवड्यात एकदा मी ऑफिसातून आले, बेल वाजवली, आणि पहिल्या “कोण?”ला नेहमीसारखे “मी” असे तोडून उत्तर दिले. दुसऱ्या “कोण?”ला मात्र माझे पूर्ण नाव सांगितले. तेव्हापासून तसेच सांगते.